मदत हवी आहे : आईला घेऊन योकोहामात दोन दिवस

नमस्कार मंडळी. मे महिन्यात टोकियोला भावाकडे जातोय, त्यातले दोन दिवस योकोहामासाठी ठेवलेत. सोबत आई आहे. वय ७०, गुडघे दुखतात, पण वाचनाचं वेड जबर.

तिला आधी सांकेइएन बाग बघायचीय. रेशमाचे व्यापारी हारा तोमितारो यांनी ती १९०६ मध्ये लोकांसाठी खुली केली आणि १९१६ मध्ये रवींद्रनाथ टागोर तिथे त्यांच्याकडे राहिले होते. हे वाचल्यापासून आई रोज तोच विषय काढते! आतले रस्ते चढउताराचे आहेत का? व्हीलचेअर नेता येईल का? स्टेशनवरून बस बरी की टॅक्सी?

दुसऱ्या दिवशी बंदराकडेच्या टेकडीवरची गुलाबबाग आणि तिथलं आधुनिक साहित्याचं संग्रहालय. जपानी न येणाऱ्याला त्यात कितपत कळेल?

यामाशिता पार्क मात्र नक्की. १९२३ च्या भूकंपात मिळालेल्या मदतीची आठवण म्हणून तिथल्या भारतीयांनी बांधून दिलेली पाणपोई मला आईला दाखवायचीच आहे.

शाकाहारी जेवणाची खात्रीची जागाही सुचवा. वयस्कर माणसांना घेऊन कुणी गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.