तरुणांवर वडीलधारे ‘नेमायचे’ म्हणे!

सायकलवाले काका: रविवारी आमच्या बेळगावच्या चर्चच्या ग्रुपवर पोस्ट पडली: ‘मंडळीतल्या प्रत्येक तरुणामागे एक ज्येष्ठ विश्वासी नेमावा, त्यानं दर आठवड्याला वाचन, प्रार्थना, हजेरी तपासावी.’ तपासावी? पोरं विश्वासात वाढवायची आहेत की फॅक्टरीच्या काट्यावर ऊस मोजायचाय? मला कुणी नेमून दिलं नव्हतं. खानापूरच्या वाटेवर आमच्या मंडळीतले एक म्हातारे मला डबलसीट न्यायचे, चढ आला की खाली उतरवायचे. बाप वारला त्या वर्षी बायबलचं एक वचनसुद्धा सांगितलं नाही त्यांनी. येऊन बसायचे, चहा पिऊन जायचे.

निपाणीकर: पोस्ट माझीच. सायकल गोड आहे ओ काका, पण आता पोरगं बेंगळूरला नोकरीला जातंय, सहा महिन्यांत चर्च सुटतंय, आणि कुणाला पत्ता नाही. बायबलात प्रेषित पौलानं आपल्या तरुण शिष्याला, तीमथ्याला, शिकवलंच की. त्याला लिहिलेलं पत्र, २ तीमथ्य २:२ वाचा.

सायकलवाले काका: एक पान मागं जा, १:५ बघ. तीमथ्याचा विश्वास आला आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून. कुठल्या कमिटीनं नेमल्या होत्या?

कॅम्पातली: वाचायचं कुठल्या भाषेत ते बोला आधी. माझी मुलगी कन्नड मीडियमची. मराठी फाडफाड बोलते, पण ‘नीतिमत्त्व’ आलं की अडखळते. एकदा उपासनेत तिनं वचन कन्नडमधून वाचलं, तर मंडळीतले एक वडीलधारे सगळ्यांदेखत म्हणाले, ‘इथं मराठी चालते.’ तेव्हापासून येत नाही ती. नेमा आता कुणाला नेमतासा ते!

निपाणीकर: म्हणजे मराठी सोडायची? १९५६ ला बेळगाव आजच्या कर्नाटकात घातलं, तेव्हापासून शाळा, कचेऱ्या, पाट्या सगळीकडं तेच. आता उपासनेतपण?

कॅम्पातली: सीमाप्रश्न माझ्या पोरीच्या डोक्यावर कशाला?

बेळगावचा जुना: बेळगावात लंडन मिशनचे मिशनरी आले १८२० ला, तेव्हा कुठलं कर्नाटक आणि कुठला महाराष्ट्र! पंडिता रमाबाई जन्मल्या कर्नाटकातल्या गंगामूळला, आणि सबंध बायबलचं मराठीत भाषांतर केलं त्यांनी. साध्या बायकांना कळावं म्हणून सोपी मराठी केली. आपण मात्र जड शब्दांवर पोरांची परीक्षा घेतोय.

निपाणीकर: इतिहासाचा तास झाला? बरं, हजेरी काढतो पोस्टमधून. खूश? पण ‘आपोआप होतं’ म्हणणाऱ्यांनी गेल्या वर्षात किती पोरांच्या घरी चहा घेतला, तेवढं सांगा.

सायकलवाले काका: …एकाच्या. तोही भाचा.

कॅम्पातली: माझ्याकडं या. फोन करून या, आणि बायबल घरी ठेवून या.