छातीत मशीन बसलंय, परत कोर्टवर उतरू का? घरात दोन पक्ष पडलेत

डांडियाबाजारकर (धागा यांचाच)

मंडळी, वय ४६, जन्म बडोद्याचा, वीस वर्षं बॅडमिंटन, डावरा. मागच्या सप्टेंबरात सकाळी सात वाजता डबल्स चालू असताना पडलो. पडलो म्हंजे सर्व्हिस घ्यायला उभा होतो आणि गेलोच. मला काहीच आठवत नाही, त्या दिवशीचा चहा पण नाही, पुढचा आख्खा आठवडा पुसला गेलाय, हे सगळं लोकांनी सांगितलेलं. पार्टनर ओरडला "खेंच आवी, डुंगळी सुंघाडो!" (फिट आली, कांदा हुंगवा) आणि कोणीतरी कँटीनमधून खरंच कांदा आणला, दुसऱ्याने चप्पल काढली. घोरल्यासारखा आवाज येत होता म्हणून सगळ्यांना वाटलं श्वास चालू आहे, घाबरायचं कारण नाही. शेजारच्या कोर्टवर फिजिओथेरपी शिकणारी एक मुलगी होती, तिने कांदेवाल्याला बाजूला ढकललं आणि छाती दाबायला सुरुवात केली. १०८ यायला अकरा मिनिटं लागली, तोवर ती आणि तिने शिकवलेला आमचा वॉचमन आळीपाळीने दाबत होते. मग दोन शॉक दिले आणि हार्ट चालू झालं. चार दिवस व्हेंटिलेटर, तीन बरगड्या मोडल्या (महिनाभर शिंकायची भीती वाटायची, हे कोणी आधी सांगत नाही).

अँजिओग्राफीत नळ्या साफ निघाल्या. एमआरआयमध्ये हार्टवर जुना डाग दिसला, डॉक्टर म्हणाले कधीतरी व्हायरल होऊन मायोकार्डायटिस (हार्टच्या स्नायूला सूज) झाला असेल, कळलंच नसेल. म्हणून आयसीडी (ठोके बिघडले की आतूनच शॉक देणारं मशीन) बसवलं, कॉलरबोनखाली डाव्या बाजूला. मी डावरा असल्यामुळे उजवीकडे बसवावं का यावर चर्चा झाली, पण डावीकडून शॉकची दिशा हार्टला नीट सापडते म्हणून तीच बाजू धरली.

आता सात महिने झालेत, चालतो, जिने चढतो. खेळावं का? मी म्हणतो हो, ही म्हणते नाही, आई म्हणते देवाने एकदा दिलंय परत मागू नको. डॉक्टर म्हणतात आधी टेस्ट, मग बघू. तुमचं काय मत?

सुरसागर_७१

मत सोपं आहे, नाही. अहो, छंद आहे तो, पोटापाण्याचा धंदा नाही. कमाटीबागेत दोन चकरा मारा, घरी येऊन लीलो चेवडो खा आणि गप्प बसा. आता कोणीतरी मॅचमध्ये असाच पडलेल्या फुटबॉलवाल्या एरिक्सनचं उदाहरण देईलच, म्हणून आधीच सांगतो, तो २९ वर्षांचा होता आणि मैदानावर डॉक्टरांची फौज होती. त्याला पण इटलीत खेळू दिलं नाही, आयसीडी असलेल्याला तिथे परवानगीच मिळत नाही, डिसेंबर २०२१ मध्ये इंटर मिलानने करार संपवला. इटलीवाले वेडे आहेत का?

अलकापुरी_एक्स्प्रेस

काका, अर्धीच गोष्ट सांगितलीत. तोच एरिक्सन १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये फिनलंडविरुद्ध पडला, एका शॉकवर परत आला, आयसीडी लावलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रेंटफर्डकडून इंग्लंडमध्ये खेळला, मग मँचेस्टर युनायटेडकडून, आणि युरो २०२४ मध्ये स्लोव्हेनियाविरुद्ध गोल पण मारला. माणूस तोच, मशीन तेच, फक्त देश बदलला. म्हंजे हा मेडिकल निर्णय होता की कायद्याचा?

आणि डेली ब्लिंडची केस तर धागाकर्त्याच्या फारच जवळची आहे. हॉलंडचा डिफेंडर, त्याला पण मायोकार्डायटिस, २०१९ मध्ये आयसीडी. २०२० मध्ये एका मैत्री सामन्यात मशीन वाजलं, खाली बसला, उठला, चालत बाहेर गेला. २०२२ च्या वर्ल्डकपमध्ये अमेरिकेविरुद्ध गोल केला त्याने.

सुरसागर_७१

गोल झाले ते सांगता. मुआंबाचं का नाही सांगत? १७ मार्च २०१२, बोल्टनकडून टॉटनहॅमविरुद्ध खेळताना पडला, हार्ट ७८ मिनिटं बंद होतं, वाचला तो चमत्कारच. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खेळ सोडला. वय २४. त्याला खेळायची हौस नव्हती का? डॉक्टरांचं ऐकलं त्याने.

नर्सबाई_मांजलपूर

सोळा वर्षं कार्डियाक आयसीयूत काढली आहेत, म्हणून लांब लिहिते, वाचायचं तर वाचा.

पहिलं, हा हार्ट अटॅक नव्हता, कार्डियाक अरेस्ट होता. अटॅकमध्ये नळी तुंबते, माणूस बोलत असतो, घाम येतो, छातीत दुखतं. अरेस्टमध्ये हार्ट जागच्या जागी थरथरत राहतं, पंप करत नाही, माणूस काही सेकंदांत बेशुद्ध. आणि तो घोरल्यासारखा आवाज म्हंजे श्वास नाही, तो मेंदूचा शेवटचा धडपडाट. हाक मारून उत्तर नाही आणि श्वास नीट नाही, झालं, छाती दाबायला घ्या. मिनिटाला १०० ते १२०, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, बरगडी मोडली तर मोडू दे. शॉक मिळायला जेवढी मिनिटं जातात, तेवढ्या प्रत्येक मिनिटाला वाचायची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घसरते, आणि कोणी दाबत असेल तर ती घसरण हळू होते. अकरा मिनिटं काढूनही तुम्ही इथे टाईप करताय ते त्या मुलीमुळे. तिला पेढे दिले का?

दुसरं, खेळायचं का. २०१३ मध्ये ३७२ खेळाडूंचा अभ्यास छापून आला होता, सगळे आयसीडीवाले, बहुतेक स्पर्धा खेळणारे. खेळताना एकही मृत्यू नाही, शॉकमुळे मोठी इजा नाही. शॉक मात्र बऱ्याच जणांना बसले, खेळताना आणि नुसते बसलेले असताना पण. म्हणून आता डॉक्टर सरसकट नाही म्हणत नाहीत, पेशंटबरोबर बसून ठरवतात.

पण तिसरं, आणि इथे मी एक्स्प्रेसभाऊंच्या विरोधात आहे. मशीन मरणापासून वाचवतं, आजारापासून नाही. हार्टवर डाग आहे, तो कशाचा आहे ते नक्की कळलं पाहिजे. उजव्या कप्प्याचा एक आनुवंशिक आजार असतो, त्यात जोरदार व्यायामाने आजारच वाढतो, आणि तो सुरुवातीला मायोकार्डायटिससारखा दिसू शकतो. तसं निघालं तर रॅकेट माळ्यावर टाका. शिवाय तुम्ही डावरे. प्रत्येक स्मॅशला तो हात डोक्यावर जाणार आणि मशीनपासून हार्टपर्यंत गेलेली वायर ओढली जाणार. हळूहळू तुटते ती, आणि वायर तुटली की मशीनला खोटा सिग्नल जातो आणि शुद्धीत असताना शॉक बसतो. ज्यांना बसलाय त्यांना विचारा, छातीवर घोड्याने लाथ मारल्यासारखं वाटतं म्हणतात.

पाणीगेट_पैलवान

हे सगळं हल्लीचं फॅड. आमचे आजोबा जुम्मादादाच्या आखाड्यात रोज पाचशे जोर मारायचे, कोणी पडल्याचं ऐकलं नाही.

अलकापुरी_एक्स्प्रेस

पडत होते हो, फक्त तेव्हा "देवाज्ञा झाली" म्हणायचे आणि तेराव्याला जेवायला बोलवायचे. २००३ मध्ये कॅमेरूनचा फोए ल्यॉनमध्ये मैदानावर गेला, २००४ मध्ये आपल्याकडे बंगलोरला फेडरेशन कपच्या फायनलला डेम्पोचा क्रिस्टियानो ज्युनियर गोलकीपरला धडकून गेला. हे काय हल्लीचे आहेत? नवरात्रात आपल्याकडेच गरबा खेळता खेळता माणसं गेली, म्हणून तर २०२३ पासून गरब्याच्या ग्राउंडवर अँब्युलन्स सक्तीची झाली. गरबा तीन तास खेळायचा तो कार्डिओच आहे.

सुरसागर_७१

मग सगळ्यांचे ईसीजी काढा. इटलीत १९८२ पासून खेळाडूंची सक्तीची तपासणी आहे आणि व्हेनेतो भागात असे मृत्यू ८९ टक्क्यांनी कमी झाले. हा इलाज, मागाहून मशीन लावणं नाही.

नर्सबाई_मांजलपूर

इस्रायलने पण १९९७ मध्ये असाच कायदा केला, तिथे आधी आणि नंतर फरक दिसला नाही. ईसीजी काढावा, नाही म्हणत नाही, पण सगळं ईसीजीत दिसत नाही. आणि तपासून घेतलेला माणूस पडला तर कांदाच हुंगवणार का? तुमच्या क्लबमध्ये एईडी (बाहेरून शॉक द्यायचं मशीन) नाही, आणि रंगरंगोटीला दरवर्षी पैसे निघतात.

मी_तीच_बायको

मी यांची बायको. लेकीने धागा दाखवला.

सगळे एरिक्सन परत खेळला म्हणताय. त्याची बायको मैदानावर रडत उभी होती, त्याचा कॅप्टन तिला धरून होता, ते जगाने बघितलं. मी तेव्हा हे फुटबॉलवेडे आहेत म्हणून मॅच बघत होते आणि म्हटलं बिचारी. तीन वर्षांनी मुलीचा डबा भरताना मला फोन आला. आजही रात्री दोनला उठते आणि यांच्या नाकाशी हात नेते. हे झोपलेले असतात, यांना माहीत नाही. आता माहीत झालं. यांचा आठवडा पुसला गेलाय, माझा नाही. मला त्यातलं प्रत्येक मिनिट पाठ आहे, व्हेंटिलेटरचा आवाज पण.

नाही म्हणते म्हणून सगळे मला घाबरट म्हणतात. एकच विचारते, खेळताना ते मशीन वाजलं तर मी काय करायचं? हे कोणी सांगितलेलंच नाही. डिस्चार्जच्या वेळी कागद दिला तो यांच्या नावाने होता.

नर्सबाई_मांजलपूर

ताई, तुमची चूक नाही, आम्ही लोक पेशंटला समजावतो आणि घरच्यांना बिल देतो. एक शॉक बसला आणि ते ठीक असतील, बोलत असतील, तर बसवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. लागोपाठ दोन बसले, किंवा एकाच शॉकनंतर चक्कर, दम, छातीत दुखणं, तर १०८. शुद्ध गेली आणि श्वास नीट नाही तर मशीन आहे म्हणून थांबू नका, छाती दाबा. आणि यांना हात लावलेला असताना शॉक बसला तर तुम्हाला काही होणार नाही, फारतर झिणझिणी. हे तुम्हाला सात महिने वाटत असणार, म्हणून सांगितलं.

मी_तीच_बायको

हो. तेच वाटायचं. म्हणून वेगळी झोपत होते.

सुरसागर_७१

वहिनी, मी तुमच्या बाजूने आहे. पण नर्सबाईंचं ते शेवटचं वाचून मी पण घरात सगळ्यांना छाती दाबायला शिकवायचं म्हणतोय. कुठे शिकवतात? (खेळायला तरी माझा नकारच आहे, लिहून ठेवा.)

डांडियाबाजारकर

दोन दिवस उत्तर दिलं नाही, देता आलं नाही. नाकाशी हात नेते हे मला खरंच माहीत नव्हतं.

डॉक्टरांकडे गेलो होतो, या वेळी दोघं. परत एमआरआय करणार, जेनेटिक टेस्ट पण, त्या उजव्या कप्प्याच्या आजाराचं विचारलं तर म्हणाले बरं झालं विचारलंत. पुढच्या महिन्यात स्ट्रेस टेस्ट. ते सगळं ठीक आलं तर डबल्स, नेटजवळ, स्मॅश बंद, आणि उजव्या हाताने खेळायला शिकायला हरकत नाही म्हणाले. उजव्या हाताने मी चमचा पण नीट धरत नाही. ही पहिल्यांदा हसली तिथे.

त्या मुलीला पेढे दिले होते, दुलीरामचे. रविवारी ती क्लबवर येऊन सगळ्यांना शिकवणारे, कांदेवाला पहिल्या रांगेत. एईडीसाठी वर्गणीची वही फिरवतोय, पाणीगेट पैलवान, तुमचं नाव लिहिलंय.

रॅकेटचं गटिंग तुटलं होतं, ते रावपुऱ्यात टाकून आलो. नुसतं टाकून आलोय, अजून आणलं नाही.

मी_तीच_बायको

पावती खिशात सापडली.