विशेष शिक्षकाने मूल बघायचं की पोर्टल?

खडूफळा
जि.प. शाळेत 14 वर्षं झाली. दोनशिक्षकी शाळा, चार वर्ग. तिसरीत एक पोरगा आहे, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर ताबा कमी), डोक्याने तल्लख पण पेन्सिल बोटात टिकत नाही. आमच्याकडे दिव्यांग मुलांसाठीच्या फिरत्या विशेष शिक्षिका येतात, बाई मनापासून काम करणाऱ्या आहेत, हे आधीच सांगतो म्हणजे कुणी अंगावर यायला नको. पण मागच्या सत्रात त्या मोजून पाच वेळा आल्या आणि त्यातल्या तीन वेळा नुसती माहिती न्यायला. यूडायसला, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-पोर्टलला, कोणता दिव्यांग प्रकार टाकला, यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) निघालं का, साहित्यासाठीच्या मोजमाप शिबिराची यादी, मदतनीस भत्त्याला पासबुकची झेरॉक्स, रॅम्पचा फोटो. रॅम्प आहे हो आमचा, एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी असा नियम आहे, आमचा चार फुटांत संपतो, पावसाळ्यात मी स्वतः घसरलोय त्यावरून. पण पोर्टलवर "रॅम्प आहे का: होय" झालं की शाळा पास.

माझं म्हणणं एवढंच की विशेष शिक्षकांकडून पोर्टल काढून घ्या, तालुक्याच्या गट साधन केंद्रातला डाटा ऑपरेटर भरेल की. बाईंना पोरांजवळ बसू द्या.

फिरती_बाई
सर मी तेच काम करते, दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून राहवलं नाही. ऑपरेटरने भरायचं म्हणता ना, आमच्याकडे भरलं एकदा. एका मुलाला अंधुक दिसतं, मोठ्या अक्षराची पुस्तकं हवी होती, त्याने कोड टाकला पूर्ण अंध. आली ब्रेल. पोरगं वर्षभर शेजारच्याच्या पुस्तकात डोकं घालून बसलं.

दुसरं, कागदाला नावं ठेवणं सोपं आहे पण कागदावर नाही ते मूल कुणाच्या बापाला माहीत नसतं. दिव्यांगांच्या 1995 च्या कायद्यात 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले, तेव्हा कुठे अध्ययन अक्षमता (बुद्धी ठीक, पण वाचन-लेखन-गणित जड जातं) यादीत आली. त्याआधी ही पोरं सरळ "ढ" होती. नववीतच प्रमाणपत्राच्या मागे लागलं नाही तर दहावीला तासाला 20 मिनिटं जादा मिळत नाहीत, लेखनिक मिळत नाही. तिथे बोर्ड तुमची तळमळ बघत नाही, कागद बघतं.

सरळमत
मला एक कळत नाही, दोन शिक्षकांनी चार वर्ग सांभाळायचे, त्यात असं मूल, त्याचं पण नुकसान बाकीच्यांचं पण. विशेष शाळा आहेत ना त्यासाठी? तिथे घाला की.

नदीकाठचा_बाप
@सरळमत माझ्या मुलीला ऐकू येत नाही, तिला विशेष शाळेत घालायची तर शाळा 70 किलोमीटरवर, निवासी. सात वर्षांची पोर. तुम्ही ठेवाल का? 2016 च्या कायद्यात 6 ते 18 वयाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा, जी आम्ही निवडू ती, मोफत, असं स्पष्ट आहे. निवड आमची आहे, शाळेच्या सोयीची नाही.

आता @फिरती_बाई, राग मानू नका. मी पोरीचा वैयक्तिक आराखडा, म्हणजे तिला काय नि कसं शिकवायचं तो कागद, मागितला, आधी म्हणाले ऑफिसला आहे, मग महिन्याने दाखवला. त्यात लिहिलंय "हाताच्या स्नायूंचा व्यायाम". अहो माझ्या पोरीचे हात ठणठणीत आहेत, ती झाडावर चढते! दुसऱ्या कुणाचा तरी मजकूर, फक्त वरचं नाव बदललेलं. हा कागद तिला वाचवणार?

निवृत्त_केंद्रप्रमुख
सगळे एकमेकांवर ओरडताय पण गाठ दुसरीकडेच आहे. प्रमाणपत्र आरोग्य विभागाचं, सिव्हिलला ठरलेल्या वारी जायचं. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, तो 2022 च्या डिसेंबरात वेगळा झाला. साध्या शाळेतलं मूल शालेय शिक्षणाकडे, पैसा समग्र शिक्षा या सरकारी योजनेचा. या चौघांना एकत्र बसवणारा माणूस तालुक्यात कोण? कुणीच नाही. म्हणून ते बसवायचं काम विशेष शिक्षकाच्या गळ्यात, तोही वर्षानुवर्षं करारावर राहिलेला. मी तपासणीला जायचो तेव्हा रजिस्टर मागायचो, मूल आज आलंय का हे विचारायचं मलाही सुचायचं नाही, खोटं कशाला बोलू.

सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये सांगितलंय की प्राथमिकला 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक, वरच्या वर्गांना 15 मागे एक. राज्याने 2024 ला शाळांच्या प्रत्येक समूह केंद्रामागे एक धरून 4,860 पदं मंजूर केली. चांगलंच आहे, पण केंद्रात शाळा दहा-बारा, मुलं कुठे आठ तर कुठे चाळीस, सगळीकडे एकच माणूस हे गणित बसत नाही.

फिरती_बाई
@नदीकाठचा_बाप राग नाही. असं होतं. मीही केलंय, मार्चमध्ये एका रात्रीत 22 आराखडे, कारण सकाळी अपलोड करायचे होते. त्यात कुणाच्या हाताचा व्यायाम कुणाला गेला असेल देव जाणे. पण म्हणून आराखडाच नको असं नाही ना. तो ऑफिसच्या कपाटात राहतो हे चुकतंय. अर्ध्या पानाचा असावा, वर्गशिक्षकाबरोबर बसून लिहिलेला, वर्गातच टांगलेला, आईबापाला वाचता येईल असा.

खडूफळा
म्हणजे फिरून परत मास्तरच लिहिणार! जनगणना मास्तर, मतदार यादी मास्तर, आता हेही. बाई तुमचं पटतंय अर्धं, पण ज्याचा कोड चुकला त्याला ऑपरेटर जबाबदार, ऑपरेटर नकोच हे त्यातून निघत नाही. यादी तुम्ही सही करून द्या, टाइप त्याने करावं.

फिरती_बाई
आणि सर्व्हर रात्री अकराला चालू होतो तेव्हा ऑपरेटर घरी असतो, मग फोन मलाच येतो. बरं ते राहू द्या. तुमच्या त्या तिसरीतल्या मुलाचं काय करताय सध्या? पेन्सिलच धरायला लावताय का?

खडूफळा
हो. जाड पेन्सिल आणली, तीही निसटते. तोंडी घेतो बरंचसं.

फिरती_बाई
सायकलच्या हँडलची जुनी रबरी मूठ मिळते का बघा, त्यात चिंधी भरून पेन्सिल खोचा, मुठीत धरायला येते. पाटीखाली वीट ठेवा म्हणजे तिरकी होईल, कागद चिकटपट्टीने चारी बाजूंनी पक्का करा, नाहीतर दुसरा हात कागद धरण्यातच जातो. पाय खाली टेकले पाहिजेत, लोंबकळत असतील तर हात स्थिर राहणारच नाही. पाच भेटींत हे कुणी सांगितलं नसेल तर तुमचा राग खरा आहे. पंधरा दिवस करून बघा आणि काय जमलं ते तारीख टाकून वहीत लिहून ठेवा.

खडूफळा
मूठ मिळेल, सायकलवाला समोरच आहे. लिहायला लावलंतच शेवटी.