शब्दचर्चा : सुकं मटण इंग्रजीत ‘ड्राय’ होतं का?

शाहूपुरीकर :
मावशीची खानावळ आहे. अंबाबाईच्या दर्शनाला आलेले बाहेरच्या राज्यांतले लोक आणि अधूनमधून परदेशी पाहुणेही जेवायला येतात, म्हणून मेन्यूकार्ड इंग्रजीत करायला घेतलंय. छापखान्यातल्या पोरानं पांढऱ्या रश्शाला ‘व्हाइट ग्रेव्ही’, तांबड्याला ‘रेड ग्रेव्ही’ आणि सुक्याला ‘ड्राय मटन’ टाइप करून ठेवलंय. चालेल का? शिवाय मावसभाऊ हॉटेल मॅनेजमेंटला चाललाय. भाजणे, परतणे, उकडणे यांना नेमके शब्द सांगा, त्यालाही उपयोग होईल.

मंगळवार पेठ :
चालतंय की. ताट समोर आलं की सगळ्यांस्नी सगळं कळतं. लई खोलात शिरू नका.

राजारामपुरी :
आपल्याकडं चालेल, पण परदेशी माणसाची गल्लत होईल. इंग्रज माणसाची ग्रेव्ही म्हणजे भाजलेल्या मांसातून सुटलेला रस पीठ लावून दाट केलेला, आणि तो मांसावर ओतायचा. वाटीनं ओरपायची ती चीज नव्हे. पांढरा रस्सा तर पातळ. मटणाचं अळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू. त्याला ब्रॉथ हा शब्द जवळचा. नुसतं अळणी पाणी म्हणजे स्टॉक. कार्डावर ‘पांढरा रस्सा’ हे नाव तसंच ठेवा आणि खाली बारीक अक्षरात ‘थिन मटन ब्रॉथ विथ कोकोनट मिल्क’ लिहा. पोर्तुगीजांकडून आलेला पाव आपण बदलला का? मग रस्सा तरी का बदलायचा?

‘ड्राय मटन’ मात्र काढाच. इंग्रजीत मांस ड्राय झालं ही तक्रार असते. जास्त शिजून रस उडून गेला, चावत नाही, असा अर्थ. ‘मटन इन अ थिक मसाला’ म्हणा.

आणखी एक. इंग्लंडात मटन म्हणजे वयात आलेल्या मेंढीचं मांस, कोवळ्याचं लॅम. आपलं बोकडाचं, म्हणजे ‘गोट’; म्हणून वर सांगितलेल्या दोन्ही ओळींत ‘मटन’पुढं कंसात ‘गोट’ टाका. तिकडं गोठ्यातली नावं जुन्या इंग्रजीतली, शीप, काऊ. ताटातली फ्रेंचमधून आलेली, मटन, बीफ. 1066 साली नॉर्मन आले, त्यानंतरचा हा प्रकार.

उत्तरेश्वर :
क्रियापदांचं मी सांगते. शिकवणीत मी क्रियापद कधी एकटं देत नाही, पदार्थासकट देते. ‘भाजणे म्हणजे रोस्ट’ असं पाठ केलं की मुलं पावसुद्धा रोस्ट करतात.

पाव भाजला की टोस्ट. शेंगदाणे, सुकं खोबरं, मसाल्याचं सामान कोरडं भाजलं की ड्राय-रोस्ट. नानकटाई भट्टीत भाजली की बेक. वांगं विस्तवावर भाजलं तर रोस्ट चालेल, पण साल काळी होईपर्यंत हे सांगायचं असेल तर इंग्रजी ‘चार’ (char). भाकरीला बेक नको, बेक म्हटलं की ओव्हन डोळ्यांपुढं येतो; ‘कुक्ड ऑन अ ग्रिडल’ बरोबर. ग्रिलची गंमत वेगळीच: इंग्लंडात ग्रिल म्हणजे वरून आच, अमेरिकेत त्याला ब्रॉइल म्हणतात आणि त्यांच्या ग्रिलला आच खालून.

उलट बाजूनं पाहिलं तर तोकडेपण इंग्रजीचं. पाणी उकळतं, अंडं उकडतं. त्यांचं दोन्हीकडं बॉइल. मंद आचेवर बारीक बुडबुडे येत राहिले की सिमर. बासुंदीसाठी दूध आटवतो ते रिड्यूस. थोड्या तेलात परतणं म्हणजे सॉटे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ उडवलेलं, कारण कढईत पदार्थ उडवत परततात. तळण्याला नुसतं फ्राय म्हणू नका, डीप-फ्राय म्हणा, कारण फ्रायमध्ये परतणंही येतं.

फोडणीला टेम्परिंग म्हणतो खरं, पण पाश्चात्त्य स्वयंपाकघरात टेम्परिंग चॉकलेटचं. तिकडच्या माणसासाठी ‘स्पायसेस सिझल्ड इन हॉट ऑइल’ असं उलगडून लिहा.

मंगळवार पेठ :
आणि तिखटाचं काय? आमच्या मित्रानं एका गोऱ्या पाहुण्याला तांबडा देताना ‘व्हेरी हॉट’ म्हणून बजावलं. पाहुण्यानं फुंकर मारली, जरा थांबला आणि मग वाटीच तोंडाला लावली.

राजारामपुरी :
हॉट म्हणजे गरमही आणि तिखटही, म्हणून ‘चिली-हॉट’ लिहावं. स्पायसी म्हणजे तिखटच असं नाही, मसालेदारही होतं. गरम मसाल्याचा पुलावही स्पायसी.

उत्तरेश्वर :
मिसळ ठेवणार असाल तर ‘स्प्राउट्स’ एवढंच लिहू नका. ब्रिटिश माणसाला ती ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे छोट्या कोबीची भाजी वाटते. मटकीला ‘स्प्राउटेड मॉथ बीन्स’. ‘कट’, म्हणजे मिसळीचा तर्रीदार रस्सा, हा शब्द तसाच ठेवा. आणि आपल्याकडं मिसळीबरोबर ब्रेड देतात तेही लिहा, पुण्या-मुंबईची माणसं पाव मागत बसतात.

शाहूपुरीकर :
झकास! मावशी म्हणतीय, थाळीपुढं ‘अनलिमिटेड’ पण टाक.

मंगळवार पेठ :
‘रस्सा अनलिमिटेड’ असं लिव्हा भावा. नुसतं अनलिमिटेड लिव्हलंस तर मटणाच्या फोडींवरनं रोज भांडणं.