भुलाबाईच्या गाण्यांवरील शोधनिबंधाचा गोषवारा : सुरुवात कशाने करावी?

प्रश्न (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)
संगीत विषयाच्या एका चर्चासत्रासाठी मला 250 शब्दांचा गोषवारा पाठवायचा आहे. आमच्या तालुक्यातील 4 गावांमध्ये भुलाबाईची, म्हणजे बाया टिपऱ्यांच्या ठोक्यावर म्हणतात ती, 37 गाणी मी ध्वनिमुद्रित केली आहेत. ‘लोकसंगीत हा आपल्या संस्कृतीचा अनमोल ठेवा आहे’ अशी मसुद्याची सुरुवात केली. मार्गदर्शकांनी त्याखाली रेघ ओढून समासात ‘बरं, मग?’ एवढेच लिहिले. काय चुकले असावे?

उत्तर 1
वाक्य खोटे नाही, पण ते दंडार या लोकनाट्यावरच्या निबंधालाही चालेल आणि खंजिरी भजनावरच्याही. त्यात तुमचे काहीच नाही. ध्वनिमुद्रणे ऐकताना तुम्हाला नवे काय आढळले?

प्रश्नकर्ती
सासू, दीर, नणंद अशी नाती जोडत ओळ लांबत जाते, तरी टिपऱ्यांचे ठोके वाढत नाहीत. बाया अक्षरे आखडून तेवढ्याच ठोक्यांत बसवतात.

उत्तर 1
ताई, हे मसुद्यात कुठेच नसणार, आणि गोषवारा तर यासाठीच असतो. ‘याविषयी सविस्तर चर्चा केली जाईल’ असे लिहून निष्कर्ष राखून ठेवणे म्हणजे पाहुण्याला पंगतीत बसवून पत्रावळ रिकामी ठेवणे. निष्कर्षानंतर ठोके कसे मोजले, स्वरलेखन कोणत्या पद्धतीने केले आणि, भातखंडे पद्धत वापरली असल्यास, प्रत्येक गायिकेचा स्वतःचा सूर षड्ज (सा) मानला का, हे दोन वाक्यांत सांगा. त्यावाचून गावागावांतील चालींची तुलना वाचणाऱ्याला पटणार नाही.

उत्तर 2
माझे मत थोडे वेगळे आहे. थेट निष्कर्षावर आलात तर पुण्याकडचा परीक्षक याला भोंडला समजेल. तिकडे आश्विनात हत्तीच्या चित्राभोवती फेर धरतात. आपल्याकडे भुलाबाई-भुलोजींची मातीची जोडी भाद्रपद पौर्णिमेला बसते आणि गाणी कोजागिरीपर्यंत चालतात. एवढे एक वाक्य आधी हवेच. मात्र चार-पाच स्वर जुळले म्हणून चालीला रागाचे नाव देऊ नका.

प्रश्नकर्ती
रागाचे नाव दिले होते, ते काढले. आता सुरुवात अशी आहे : ‘विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गायल्या जाणाऱ्या भुलाबाईच्या गाण्यांत ओळीतील अक्षरे वाढली, तरी टिपऱ्यांच्या ठोक्यांची संख्या कायम राहते, असे 37 ध्वनिमुद्रणांच्या आधारे येथे दाखवले आहे.’