इंटरप्टचा ट्रिगर कुणी ठरवायचा: ड्रायव्हरने की डिव्हाइस ट्रीने?

धरमपेठकर
काटोलकडच्या संत्र्यांच्या शीतगृहासाठी बनणाऱ्या बोर्डाचा लिनक्स सेन्सर ड्रायव्हर (सेन्सर चालवणारा कर्नलमधला कोड) आपल्या गटात रिव्ह्यूला आलाय. सेन्सर आय२सीवर (दोन तारांची डेटा बस), इंटरप्टची लाइन (चिपने प्रोसेसरला हाक मारायची तार) जीपीआयओवर, म्हणजे सर्वसाधारण पिनवर. इंटरप्ट मागणाऱ्या रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू या फंक्शनला दोन फ्लॅग दिलेत: ट्रिगर_फॉलिंग (लाइन हायवरून लोवर येताना इंटरप्ट) आणि वनशॉट (इंटरप्टचं काम करणारा थ्रेड संपेपर्यंत लाइन मास्क, म्हणजे बंद). पहिला काढून टाका. त्याच कुटुंबातल्या जुन्या ड्रायव्हरमध्येही तो आहे, तिथूनही काढा.

कॉलमध्ये ट्रिगरचा फ्लॅग नसेल तर कर्नल डिव्हाइस ट्रीतला, म्हणजे बोर्डाच्या वर्णनातला, प्रकार उचलतो. फ्लॅग दिला की तोच लागू होतो आणि लॉगमध्ये अवाक्षर येत नाही. मग डीटीएसमध्ये (डिव्हाइस ट्रीची सोर्स फाइल) ८ म्हणजे लेव्हल लो (लाइन लो असेपर्यंत इंटरप्ट) लिहा की ४ म्हणजे लेव्हल हाय, काही फरक पडत नाही. पण लाइन इंटरप्ट कंट्रोलरपर्यंत कशी पोहोचते हे बोर्डालाच ठाऊक असतं. १.८ व्होल्टची लाइन ३.३ वर नेताना मधे ट्रान्झिस्टर टाकला तर पातळी उलटू शकते. चिप लाइन लो करते, कंट्रोलरला हाय दिसते. डिव्हाइस ट्रीत कंट्रोलरला जे दिसतं तेच लिहायचं असतं.

मिहानवाला
भाऊ, नाही पटलं. लाइन ॲक्टिव्ह लो (लो झाली म्हणजे इंटरप्ट) आहे हे डेटाशीटमध्ये असतं आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्याने ते वाचलेलं असतं. डीटीएसवाला मागच्या बोर्डाची ओळ उचलून चिकटवतो, त्यात शून्य (प्रकार दिलेलाच नाही) असतो नाहीतर भलताच आकडा. असे बोर्ड आज चालून राहिले ते ड्रायव्हरच्या फ्लॅगमुळेच. फ्लॅग काढला की ते बंद पडतील. जुन्या डीटीबीवर (डीटीएस कंपाइल करून बोर्डावर टाकलेली फाइल) नवा कर्नल चाललाच पाहिजे, हे आपण सगळेच मानतो ना? मग शीतगृहात बसवलेल्या बोर्डाचा डीटीबी बदलायला कोण जाणार?

इतवारीकर
फ्लॅग कुणी द्यायचा ते नंतर पाहू. इथे फॉलिंगच चूक आहे.

या चिपची लाइन स्टेटस रजिस्टर पूर्ण रिकामं होईपर्यंत लो राहते. थ्रेड एक बिट साफ करून राहिला आणि तेवढ्यात दुसरी मर्यादा ओलांडली गेली, तर लाइन वर जातच नाही. वर गेली नाही तर खाली येणारी कडा कुठून मिळणार? तिथून पुढे इंटरप्ट येणं बंद. प्रॉकमधल्या इंटरप्ट्स फाइलचा आकडा गोठतो, एरर कुठेच नसते आणि तापमान चढत राहतं. बूटलोडरने चिप चालू ठेवली आणि ड्रायव्हर लोड व्हायच्या आधीच लाइन लो झाली असेल, तरी हेच होतं.

लेव्हल लो आणि वनशॉट अशी जोडी ठेवली तर थ्रेड संपेपर्यंत लाइन मास्क राहते. अनमास्क झाल्यावर ती अजून लो असेल तर इंटरप्ट लगेच परत येतो, घटना हरवत नाही. वनशॉट मात्र विसरू नका. हार्ड हँडलर (इंटरप्ट येताच लगेच चालणारं फंक्शन) नल असेल तर कर्नल साधारणपणे -२२ (चुकीची मागणी) देऊन तिथेच अडवतो. स्वतःचा हार्ड हँडलर दिला असेल तर अडवत नाही, आणि थ्रेडला आय२सीवरून एक बाइट वाचायची उसंत न मिळता इंटरप्टचा पूर येतो.

काही जीपीआयओ कंट्रोलर फक्त कडा ओळखतात. तिथे थ्रेडमध्ये स्टेटस शून्य येईपर्यंत वाचत राहणं हाच उपाय.

धरमपेठकर
इतवारीकर, शंभर टक्के बरोबर. यातूनच माझा मुद्दा पक्का होतो. कंट्रोलरला लेव्हल जमते की नाही हे ड्रायव्हरला कसं कळणार? आर्मच्या जीआयसी या इंटरप्ट कंट्रोलरवर एसपीआय प्रकारच्या (शेअर्ड पेरिफेरल इंटरप्ट, एसपीआय बस नव्हे) लाइनला लेव्हल हाय आणि एज रायझिंग एवढेच प्रकार चालतात. म्हणून बोर्डवाला मधे इन्व्हर्टर टाकून डीटीएसमध्ये ४ लिहितो. ड्रायव्हर तरीही फॉलिंग मागतो आणि -२२ खाऊन प्रोब (ड्रायव्हर सुरू होण्याची पायरी) तिथेच संपतं. बोर्डात दोष नसताना.

मिहानवाला
मग मधला मार्ग घ्या. आयआरक्यू_गेट_ट्रिगर_टाइपला विचारा, शून्य आलं तरच ड्रायव्हरने लेव्हल लो द्यावा.

परसोडीकर
त्याने शून्यवाले बोर्ड वाचतील, चुकीच्या आकड्यावाले नाहीत. लाइन निवांत असताना हाय आणि डीटीएसमध्ये ४ असेल तर लाइन चालू होताच पूर. १,००,००० पैकी ९९,९०० हून जास्त इंटरप्ट कुणी हाताळले नाहीत तर कर्नल ‘नोबडी केअर्ड’ छापून लाइन बंद करतो. हँडलर डोळे मिटून दर वेळी ‘हँडल्ड’ परत करत असेल तर ही तपासणीही निकामी, सीपीयू त्यातच अडकतो.

आधी खरा प्रकार काय लागलाय ते बघा. सिस-एफएसमधली टाइप फाइल एज की लेव्हल एवढंच सांगते, हाय की लो ते नाही. त्यासाठी जेनेरिक_आयआरक्यू_डीबगएफएस चालू करून कर्नल बांधा आणि डीबगएफएसमध्ये त्या क्रमांकाची फाइल उघडा. ऑसिलोस्कोपचा प्रोब कंट्रोलरच्या पिनवर लावा. चिपच्या पिनवर लावला तर मधला ट्रान्झिस्टर दिसणारच नाही.

मिहानवाला
ठीक. नव्या ड्रायव्हरला जुने बोर्ड नाहीत, तिथे फ्लॅग काढा आणि बाइंडिंगच्या (या चिपसाठी डीटीएस कशी लिहायची ते सांगणारा दस्तऐवज) उदाहरणात ८ लिहा. जुन्या ड्रायव्हरच्या पॅचला मात्र माझा विरोध कायम आहे. कर्नलच्या झाडात (मुख्य सोर्स कोडात) ही चिप वापरणारी प्रत्येक डीटीएस तपासून, चुकलेले आकडे आधीच्या पॅचमध्ये दुरुस्त करून, कोणकोणत्या फाइली पाहिल्या ते कमिट मेसेजमध्ये लिहिलं पाहिजे.

धरमपेठकर
डीटीएस तपासून यादी देतो. पण झाडाबाहेरच्या बोर्डांसाठी चुकीचा फ्लॅग कायम ठेवणं मला मान्य नाही. इन्व्हर्टर असलेले बोर्ड त्या फ्लॅगमुळे आजच बंद आहेत.