महामारीत वेतनकर माफ करावा की भरपगारी आजारपणाची रजा द्यावी?

एडिसनकर:
मार्च २०२० मध्ये अमेरिकेत करोनाची साथ पसरू लागली, तेव्हा अध्यक्ष ट्रम्प यांना वेतनकर काही महिने माफ करायचा होता, तर प्रतिनिधिगृहातील डेमोक्रॅट सदस्यांचा आग्रह भरपगारी रजेचा होता. १८ मार्चला कायदा झाला, त्यात रजा आली आणि करमाफी आली नाही. माझ्या मते तेच योग्य झाले.

या कराचा मुख्य भाग म्हणून सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्तिवेतन योजनेसाठी कामगाराच्या पगारातून ६.२ टक्के कापले जातात. तासाला १५ डॉलर मिळवणाऱ्या आणि आठवड्याला ४० तास राबणाऱ्या गोदाम कामगाराची ही कपात थांबली, तर त्याच्या हाती आठवड्याला ३७ डॉलर २० सेंट जास्त पडतात, तेही तो कामावर गेला तरच. ताप आल्यावर तो दोन आठवडे घरी राहिला, तर त्याचे १,२०० डॉलर बुडतात. साथीत ज्याने घरी थांबावे असे आपल्याला वाटते, त्याची सवलत हजेरीशी बांधणे मला अन्यायाचे वाटते. नोकरी गेलेल्याला तर त्यातून एक सेंटही मिळत नाही.

खानावळवाले:
आपला हिशेब बरोबर आहे, पण तो एकाच बाजूने मांडलेला आहे. मी आणि माझी पत्नी न्यू जर्सीत छोटे उपाहारगृह चालवतो. कामगाराइतकेच ६.२ टक्के मालकही भरतो, शिवाय मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचे १.४५ टक्के वेगळे. गिऱ्हाईक निम्म्यावर आले तरी भाडे आणि मालाची उधारी थांबत नाही. अशा वेळी मालकाचा वाटा माफ झाला असता, तर निदान एका स्वयंपाक्याला घरी बसवावे लागले नसते.

दुसरे असे की, ही रजा ५०० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या खाजगी मालकांवरच बंधनकारक होती. बड्या साखळी दुकानांना मोकळीक आणि आम्हाला सक्ती, याचे समर्थन कसे करणार? सरकारी आदेशाने दुकानच बंद झाले, तर तिथल्या कामगाराला ही रजा मिळतच नव्हती, हेही आपण सांगितले नाही.

हिशेबनीस:
मी छोट्या व्यावसायिकांची पगारपत्रके सांभाळते. ५०० च्या मर्यादेवरचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मात्र रजेचा भार मालकावर पडला, हे खरे नाही. स्वतः आजारी पडलेल्याला दोन आठवडे पूर्ण पगार, दिवसाला जास्तीत जास्त ५११ डॉलर, असा नियम होता, आणि ती सगळी रक्कम मालकाला वेतनकरातून परत मिळत होती. पगारातून कापलेला कर सरकारजमा करण्याआधीच आम्ही त्यातून रजेचे पैसे वळते करून घेत असू. म्हणजे वेतनकराची सवलत मालकाला मिळालीच, फक्त ती आजाऱ्याच्या नावावर मिळाली.

पुढे ८ ऑगस्टला ट्रम्प यांनी जो आदेश काढला, त्यात माफी नव्हतीच. पंधरवड्याला ४,००० डॉलरपेक्षा कमी पगार असणाऱ्यांची कपात सप्टेंबर ते डिसेंबर लांबणीवर टाकायची आणि २०२१ मध्ये वसूल करायची, असा तो प्रकार होता. माझ्याकडच्या एकाही मालकाने तो स्वीकारला नाही, कारण मध्येच नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडून थकबाकी कोण वसूल करणार? सैनिकांचा मालक सरकारच, त्यामुळे त्यांना मात्र नकार देण्याची मुभा नव्हती. नव्या वर्षात त्यांच्या पगारातून नेहमीची कपात आणि मागची बाकी एकदमच जाऊ लागली.

खानावळवाले:
वळते करायला आधी भरणा तरी मोठा हवा. आमच्यासारख्यांचा तो इतका लहान असतो की दोन माणसे एकदम आजारी पडली की संपतो. उरलेल्या रकमेसाठी कर खात्याला ७२०० क्रमांकाचा अर्ज फॅक्सने पाठवायचा आणि वाट पाहायची; पगाराचा शुक्रवार तोवर थांबत नाही. करमाफीने सोशल सिक्युरिटीची तिजोरी रिकामी होते, हेही कोणी सांगू नये. २०११ आणि २०१२ मध्ये कामगाराचा वाटा ४.२ टक्के केला होता आणि ती तूट सरकारने सर्वसाधारण महसुलातून भरून काढली होती.

पिंपरीचा:
आपल्याकडे मे ते जुलै २०२० या काळात भविष्य निर्वाह निधीची वर्गणी १२ वरून १० टक्क्यांवर आणली होती. हाती जास्त आले ते माझ्याच म्हातारपणच्या पुंजीतले, म्हणून मला ती मदत वाटली नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) आजारपणाचे वर्षाला ९१ दिवस ७० टक्के वेतन मिळते, पण त्यासाठी पगार २१,००० रुपयांच्या आत हवा आणि कंत्राटदाराने नाव नोंदवलेले हवे.

एडिसनकर:
खानावळवाले, फॅक्सचा मुद्दा मला पटला. पैसे मालकाच्या खात्यात पगाराआधीच यायला हवेत. न्यू जर्सीचा २०१८ पासूनचा कायदा दर ३० तासांमागे एक तास, वर्षाला जास्तीत जास्त ४० तास रजा देतो. पाच दिवसांच्या रजेत तेव्हाचे दहा दिवसांचे विलगीकरण कसे बसवायचे? तरीही केंद्राची सक्ती ३१ डिसेंबर २०२० ला, साथ ऐन भरात असताना संपवली. ५०० ची मर्यादा काढली आणि पैसे आगाऊ दिले, तर आपला विरोध राहील का?

खानावळवाले:
रजेला राहणार नाही. पण आदेशाने बंद पडलेल्या दुकानांना मालकाच्या वाट्याची माफी स्वतंत्रपणे द्यावी, ही मागणी मी सोडणार नाही.